हाताचा कंप, छातीची धडधड आणि बीटा-ब्लॉकरची गोळी: घेण्यापूर्वी आणि घेताना

पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी माझ्या हातातल्या लेझर पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर इतका थरथरत होता की आलेख दाखवणे सोडून मी तो पॉइंटर खिशात टाकला. विषय मला येत होता आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरेही मी नीट दिली. पण हात, आवाज आणि छाती माझ्या ताब्यात राहिली नव्हती, आणि तो ठिपका सगळ्यांना दिसतो आहे या जाणिवेने थरथर आणखी वाढत गेली. त्यानंतर काही महिन्यांनी एका फिजिशियनने मला प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-ब्लॉकर गटातले, म्हणजे धडधड आणि कंप कमी करणारे, औषध लिहून दिले आणि गेली सात वर्षे मी ते मोजक्याच प्रसंगी घेत आलो आहे. मी डॉक्टर नाही. तपासणीला आणि चिठ्ठीला हा लेख पर्याय होऊ शकत नाही. मात्र हे औषध कशासाठी असते, कोणाला चालत नाही आणि ते नेमके कसे घ्यावे याविषयी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये इतके गैरसमज दिसतात की डॉक्टरांकडे जाताना काय विचारायचे आणि परत आल्यावर काय करायचे, हे सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

आधी त्रास कुठे आहे ते शोधा

राज्यसेवेची मुलाखत, वक्तृत्व स्पर्धा, पहिली जाहीर मैफल, न्यायालयातला पहिला युक्तिवाद, परदेशी ग्राहकासमोरचे सादरीकरण, अशा प्रसंगी आपल्याला जे होते त्याला आपण सरसकट ‘घबराट’ म्हणतो. औषधाचा विचार करायचा असेल तर हा एक शब्द पुरत नाही. एका कागदावर गेल्या तीन-चार प्रसंगांची आठवण लिहून काढा आणि प्रत्येक प्रसंगी शरीरात काय झाले आणि मनात काय झाले हे वेगवेगळे नोंदवा. छातीची धडधड, हातापायांचा कंप आणि आवाजातली थरथर एका बाजूला ठेवा. ‘मी नापास होणार’, ‘सगळे हसतील’ असे विचार, आठ दिवस आधीपासून उडालेली झोप आणि प्रसंग टाळण्यासाठी शोधलेली कारणे दुसऱ्या बाजूला लिहा.

पहिली बाजू भरली आणि दुसरी जवळजवळ रिकामी राहिली, शिवाय त्रास ठरावीक प्रसंगापुरताच असला, तर बीटा-ब्लॉकरचा विचार करण्यात अर्थ आहे. दुसरी बाजूच भरगच्च असेल, काळजी दिवसभर आणि वर्षभर पाठ सोडत नसेल, तर या गोळीने फारसे काही साधणार नाही. दीर्घकाळच्या चिंताविकारावर किंवा वारंवार येणाऱ्या पॅनिक अटॅकवर बीटा-ब्लॉकर परिणामकारक असल्याचा पुरावा कमकुवत आहे. अशा आजारासाठी विचार आणि वर्तन बदलणारी मानसोपचार पद्धती, जिला सीबीटी म्हणतात, आणि एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालीनसारखी औषधे हा मुख्य मार्ग मानला जातो, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे.

आणखी एक प्रकार वेगळा काढायला हवा. रक्त पाहून किंवा इंजेक्शनची सुई दिसताच ज्यांना भोवळ येते, त्यांची नाडी आणि रक्तदाब त्या क्षणी खाली जातात. नाडी आणि रक्तदाब उतरवणारी गोळी त्यांच्यासाठी उलट दिशेने काम करील.

गोळी शरीरात काय करते

संकटाची चाहूल लागली की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात आणि चेतातंतूंच्या टोकांपाशी नॉरॲड्रेनलिन पाझरते. ही रसायने पेशींवरच्या ठरावीक जागांवर, म्हणजे ग्राहींवर, जाऊन बसली की त्या पेशी कामाला लागतात. अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असल्याचे मांडले. हृदयातल्या बीटा ग्राहींमुळे ठोके जलद आणि जोरकस होतात, तर स्नायूंमधल्या बीटा ग्राहींमुळे हाताला कंप सुटतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात आयसीआय या ब्रिटिश कंपनीत काम करताना प्रोप्रॅनोलॉल विकसित केले. हृदयाला प्राणवायू कमी पडून छातीत दुखणाऱ्या रुग्णांचा भार हलका व्हावा, हा त्यांचा मूळ हेतू होता. १९८८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

गोळीचे काम समजण्यासाठी मला एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल आठवतो. गर्दी आत शिरण्यापूर्वी कोणी तरी आसनांवर रुमाल टाकून ठेवतो, मग आलेल्या प्रवाशाला जागा दिसते पण बसता येत नाही. प्रोप्रॅनोलॉल त्याच रीतीने बीटा ग्राहींवर आधी जागा धरून ठेवते. ॲड्रेनलिन रक्तात तेवढेच असते, भीतीही असते, पण हृदयाला आणि हाताच्या स्नायूंना तिचा निरोप पुरता पोहोचत नाही. यातून दोन गोष्टी कळतात. रुमाल गर्दीच्या आधी पडला पाहिजे, म्हणून गोळी धडधड सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. आणि गर्दी फारच मोठी असली तर रुमाल बाजूला सारून लोक बसतातच, म्हणून अल्प मात्रा तीव्र भीतीपुढे अपुरी पडू शकते.

याच कारणाने काही तक्रारींवर तिचा विशेष उपयोग होत नाही. घामाच्या ग्रंथींना मेंदूचा निरोप ॲसिटिलकोलीन या वेगळ्याच रसायनातून मिळतो, त्यामुळे तळहाताचा घाम बहुतेकांना पूर्वीसारखाच येतो. घशाची कोरड जात नाही, तिला पाण्याचा घोटच लागतो. पाठ केलेले भाषण विसरण्याची भीती, मनात उसळणारे विचार आणि अपुरी तयारी यांना गोळी हातही लावत नाही. तरीही छाती शांत राहिली की मनाला घाबरायला एक कारण कमी उरते. धडधडीमुळे भीती आणि भीतीमुळे पुन्हा धडधड हा फेरा मधेच तुटतो, आणि माझ्या अनुभवात खरा दिलासा तिथेच मिळतो.

या वापराचा अभ्यास वादकांवर फार लवकर झाला. १९७७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २४ तंतुवादकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ऑक्सप्रेनोलॉल या बीटा-ब्लॉकरने मंचावरची भीती कमी होऊन वादन सुधारल्याचे आढळले. व्हायोलिनच्या गजाला हाताची थरथर सोसत नाही, त्यामुळे फरक कानांना कळण्यासारखा होता. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांच्या २,००० हून अधिक वादकांची पाहणी झाली, तेव्हा २७ टक्क्यांनी बीटा-ब्लॉकर वापरल्याचे सांगितले, आणि त्यांतले बरेचजण कधी ना कधी चिठ्ठीशिवाय घेत होते. ही दुसरी गोष्ट मला चिंतेची वाटते. तिचे कारण पुढच्या भागात आहे.

कोणी ही गोळी घेऊ नये

एका तपासणी समितीच्या भेटीआधी माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेचे हात कापत होते आणि मी मदतीच्या भावनेने माझ्या पाकिटातली एक गोळी तिच्यापुढे धरली. तिने गोळी हातात घेतली आणि सहज म्हणाली, ‘सर, थंडीत मला पंप घ्यावा लागतो, त्याच्याबरोबर चालेल ना?’ मी ती गोळी परत घेतली. श्वासनलिका उघड्या ठेवणारे ग्राहीही बीटा प्रकारचेच असतात. प्रोप्रॅनोलॉल हृदय आणि फुप्फुस असा भेद करत नाही, त्यामुळे दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका त्याने आवळून प्राणावर बेतू शकते, आणि त्या वेळी पंपातले सॅल्ब्युटामॉलही नीट काम करीत नाही, कारण त्याची जागा आधीच अडवलेली असते. लहानपणी दमा होता आणि आता नाही, असे असले तरी ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. दुसऱ्याची गोळी घेऊ नये आणि आपली दुसऱ्याला देऊ नये, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो.

ज्यांची नाडी मुळातच फार मंद आहे, ज्यांच्या हृदयातल्या विद्युत्-संदेशांमध्ये अडथळा म्हणजे हार्ट ब्लॉक आहे, ज्यांचा रक्तदाब कमी असतो किंवा ज्यांचे हृदय पंपिंगमध्ये कमी पडते आणि ते आटोक्यात नाही, त्यांनाही ही गोळी चालत नाही. हातापायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांचा आणि थंडीत बोटे पांढरी-निळी पडणाऱ्यांचा त्रास तिने वाढतो.

मधुमेहाचा मुद्दा आपल्याकडे घरोघरी लागू पडतो, म्हणून तो वेगळा सांगतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर अचानक कमी झाली की छातीची धडधड आणि हाताचा कंप हीच पहिली सूचना असते. बीटा-ब्लॉकर नेमकी तीच सूचना झाकतो. घाम मात्र तरीही येतो, त्यामुळे अशा माणसाने अकारण घाम फुटताच साखर तपासावी. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी, तसेच मधमाशीच्या डंखाने किंवा एखाद्या अन्नाने ज्यांना गंभीर ॲलर्जी झाली आहे त्यांनीही डॉक्टरांना ते आधी सांगावे. गंभीर ॲलर्जीत जीव वाचवण्यासाठी दिले जाणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन बीटा-ब्लॉकर घेतलेल्याला कमी लागू पडू शकते.

डॉक्टरांकडे आणि मेडिकलमध्ये

धडधड ही नेहमी चिंतेचीच असते असे नाही. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली किंवा हिमोग्लोबिन घसरले की नेमकी तीच लक्षणे दिसतात, आणि आपल्याकडच्या तरुण मुलींमध्ये रक्तक्षय किती सर्रास आढळतो हे वेगळे सांगायला नको. म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि एक ईसीजी इतके करून मगच गोळी सुरू व्हावी, असा आग्रह डॉक्टरांपाशी धरण्यात संकोच नसावा. परिश्रम करताना छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, बसल्या जागी अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड किंवा कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक झालेला मृत्यू, यांतले काहीही असेल तर ते न विचारताही सांगावे.

वर सांगितलेला कागद सोबत न्या. ‘मला टेन्शन येते’ असे म्हटल्यास पाच मिनिटांत झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी हातात पडण्याची शक्यता असते. त्याऐवजी, ‘महिन्यातून एकदा-दोनदा मला लोकांसमोर बोलावे लागते, त्या वेळी हात कापतात आणि नाडी १३० पर्यंत जाते, एरवी काही त्रास नाही,’ असे नेमके सांगितले तर डॉक्टरांनाही नेमका विचार करता येतो. नियमित औषधांची यादी द्या, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेही त्यात लिहा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या औषधांपैकी व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम यांच्याबरोबर ही गोळी घेतल्यास हृदयाची गती धोकादायक रीतीने मंदावू शकते. नैराश्यावरची फ्लुव्होक्सामीन, फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन ही औषधे रक्तातले प्रोप्रॅनोलॉल वाढवतात. अर्धशिशीसाठी रिझाट्रिप्टान घेणाऱ्याला त्याची मात्रा कमी करावी लागते.

प्रसंगापुरत्या वापरासाठी डॉक्टर बहुधा १० ते ४० मिलिग्रॅमच्या दरम्यान मात्रा ठरवतात, आणि सुरुवात १० पासून करणे शहाणपणाचे असते. ब्रिटनमध्ये चिंतेच्या शारीरिक लक्षणांसाठी या औषधाला रीतसर मान्यता आहे. अमेरिकेत तशी मान्यता नसूनही डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ते लिहून देतात. भारतात ते शेड्यूल एच वर्गात मोडते, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्यक्षात काही दुकानांत ते नुसते नाव सांगून मिळते. तशी सवलत घेऊ नये.

मेडिकलमधून बाहेर पडण्यापूर्वी पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा, कारण तिथे दोन चुका होऊ शकतात. पहिली चूक मिश्र गोळीची. भारतात प्रोप्रॅनोलॉलमध्ये एटिझोलाम किंवा क्लोनाझेपाम मिसळलेल्या गोळ्या सर्रास मिळतात आणि त्यांच्या नावात पुष्कळदा ‘बीटा’ किंवा ‘प्लस’ असा शब्द असतो. ही मिसळलेली औषधे मेंदूवर गुंगी आणतात, आठवण मंद करतात आणि त्यांची सवय लागते. मुलाखतीच्या दिवशी नेमके हेच नको असते. घटकांच्या ओळीत फक्त प्रोप्रॅनोलॉल हायड्रोक्लोराइड एवढेच लिहिलेले असावे. सिप्लार आणि इंडेरल ही नावे बऱ्याच जणांच्या परिचयाची आहेत. दुसरी चूक सावकाश विरघळणाऱ्या गोळीची. नावापुढे एलए, एसआर किंवा टीआर अशी अक्षरे असतील तर औषध दिवसभर थोडेथोडे बाहेर पडते, ते अर्धशिशी किंवा रक्तदाबासाठी रोज घेणाऱ्यांना ठीक असते. तासाभरात परिणाम हवा असेल तेव्हा ते कामाचे नाही, आणि तोडून किंवा चावून घेतल्यास संपूर्ण मात्रा एकदम अंगात जाते.

प्रोप्रॅनोलॉलऐवजी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल देता येईल का, असे अनेकजण विचारतात. ही दोन औषधे मुख्यतः हृदयावर काम करतात, त्यामुळे धडधड कमी होते, पण हाताच्या कंपावर त्यांचा परिणाम तुलनेने कमी असतो. निवड डॉक्टरांनी करावी.

घरची चाचणी

सर्वांत जास्त दुर्लक्ष याच पायरीकडे होते. महत्त्वाच्या दिवशी पहिल्यांदा ही गोळी कधीही घेऊ नये. पोटातून शोषले गेलेले प्रोप्रॅनोलॉल आधी यकृतातून जाते आणि तिथे त्याचा बराचसा भाग नष्ट होतो. हा भाग माणसागणिक इतका बदलतो की एकच मात्रा घेतलेल्या दोघांच्या रक्तातले औषधाचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे असू शकते. एकाला १० मिलिग्रॅम पुरेशी होते, दुसऱ्याला तिची जाणीवही होत नाही, आणि तिसऱ्याला उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

म्हणून प्रसंगाच्या आधी दहा-पंधरा दिवस, सुटीच्या दिवशी, घरात कोणी तरी असताना चाचणी घ्या. त्या दिवशी दुचाकी किंवा मोटार चालवायची नाही आणि मद्य घ्यायचे नाही. हलका नाश्ता करा, पाच मिनिटे शांत बसा, मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि घरात यंत्र असेल तर रक्तदाबही लिहून ठेवा. शांत बसल्यावरची नाडी ६० च्या खाली असेल तर गोळी न घेता आधी डॉक्टरांना फोन करा. नाहीतर ठरलेली मात्रा घ्या आणि पुढचे चार तास दर अर्ध्या तासाने नाडी नोंदवा. दीड तासाने दोन मजले चढून उतरा. एरवी भराभर वाढणारी नाडी या वेळी कमी वाढलेली दिसेल, आणि औषध लागू होत असल्याची ही साधी खूण आहे. त्यानंतर घरच्यांसमोर उभे राहून पाच मिनिटे बोला, गा, वाजवा, किंवा काठोकाठ भरलेली बशी एका हातात धरून पाहा.

हातपाय गार पडणे, थकवा, उठताना थोडी गरगर आणि रात्री ठळक, कधी भीतिदायक स्वप्ने हे परिणाम दिसू शकतात. गार बोटांचा प्रश्न सतार, तबला किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्यांना जास्त जाणवतो, त्यांनी वादनाआधी हात कोमट पाण्यात धरावेत. गायकांनी मात्रा वाढवण्याचा मोह विशेष टाळावा. संगीताच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात अल्प मात्रेने थोडी मदत झाली, पण मात्रा जास्त होताच गाणे उतरले. नाडी ५० च्या खाली गेली, श्वास लागला, छातीत घरघर ऐकू आली किंवा शुद्ध हरपल्यासारखे झाले, तर चाचणी तिथेच संपवून लगेच डॉक्टरांकडे जावे, आणि श्वासाचा त्रास वाढत असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

प्रत्यक्ष दिवस

गोळीचा परिणाम साधारण एक ते दीड तासात चांगला जाणवू लागतो आणि तीन-चार तास टिकतो. भाषण अकरा वाजता असेल तर गोळी साडेनऊ ते दहाच्या दरम्यान घ्यावी, एवढे गणित सोपे आहे. आपल्याकडच्या मुलाखती आणि तोंडी परीक्षा मात्र घड्याळाने चालत नाहीत. उमेदवाराला सकाळी नऊला बोलावतात आणि त्याचा क्रमांक दुपारी तीनला लागतो. नऊच्या आधी घेतलेली गोळी तोवर उतरलेली असते, आणि मग घाबरून दुसरी गोळी घेण्याची इच्छा होते. तेच करायचे नाही. तिथे पोहोचताच आपला क्रम कितवा हे विचारा, पहिल्या दोन उमेदवारांना किती वेळ लागतो ते पाहा आणि आपल्या पाळीला साधारण सव्वा तास उरला असा अंदाज आला की गोळी घ्या. अंदाज अर्ध्या तासाने चुकला तरी बिघडत नाही. परिणाम सुरू होण्याआधीच बोलावणे आले तर गोळीविनाच आत जाण्याची मनाची तयारी घरून करून निघा.

उपाशीपोटी जाऊ नका. भीतीने घास उतरत नाही हे मला माहीत आहे, शिवाय काहीजण त्याच दिवशी संकष्टी किंवा एकादशीही धरतात. पण हे औषध आणि उपास एकत्र आले की साखर उतरण्याचा धोका वाढतो आणि तिची सूचनाही झाकली जाते. दोन घास पोहे किंवा एक केळे तरी खा. अन्नाबरोबर घेतलेले प्रोप्रॅनोलॉल रक्तात जास्त प्रमाणात पोहोचते, त्यामुळे चाचणीच्या दिवशी जे खाल्ले साधारण तेच खाणे इष्ट, म्हणजे परिणामही ओळखीचा येतो. चहा-कॉफीचा एक पेला पुरे. वाट पाहताना घेतलेले तीन-चार कटिंग हाताची थरथर परत आणतात.

खेळाडूंनी इथे थांबून वाचावे. नेमबाजी आणि तिरंदाजी या खेळांत बीटा-ब्लॉकरवर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे, आणि गोल्फ, बिलियर्ड्स, डार्ट्स यांत स्पर्धेदरम्यान. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याची एक रौप्य आणि एक कांस्य अशी दोन पदके प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेण्यात आली. कोल्हापुरात किंवा पुण्यात रायफल हाती घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी, गोळी कोणत्याही कारणासाठी लिहून दिलेली असो, प्रशिक्षकांना आणि डॉक्टरांना हे आधीच सांगावे.

रोज घेणाऱ्यांसाठी

काहींना डॉक्टर दिवसातून एकदा ते तीनदा नियमित गोळी देतात. अशांनी ती अचानक बंद करू नये. महिनोन्महिने अडवलेल्या ग्राहींची संख्या आणि संवेदना वाढलेली असते, आणि गोळी एकदम थांबली की धडधड आणि रक्तदाब उसळून वर येतात. हृदयविकार असलेल्याला त्याचा गंभीर धोका असतो. एक-दोन आठवड्यांत किंवा त्याहूनही सावकाश, डॉक्टर सांगतील तसे उतरत यावे. गावी जाताना गोळ्या विसरणे हीसुद्धा अचानक बंद करण्यासारखीच गोष्ट आहे. महिन्यातून एकदा-दोनदा घेणाऱ्याला हा प्रश्न येत नाही.

घरात मोठा साठा ठेवू नका. प्रोप्रॅनोलॉल जास्त मात्रेत अतिशय विषारी असते आणि ते फार झपाट्याने प्राणघातक ठरू शकते. इंग्लंडमधल्या आरोग्यसेवा-सुरक्षा तपास यंत्रणेने २०२० मध्ये या धोक्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नसल्याचे दाखवून दिले होते. लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी एकच पाकीट ठेवावे. चिंतेबरोबर मनात जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर ते डॉक्टरांना गोळी लिहून घेण्यापूर्वीच सांगावेत, म्हणजे ते वेगळा उपचार निवडू शकतील. टेली-मानस ही भारत सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. कोणी जास्त गोळ्या घेतल्याचे कळले तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता त्याला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि रिकामे पाकीट सोबत ठेवावे.

गोळीची गरज कमी करत नेणे

नियमित सराव आणि गोळी या दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात, आणि माझ्या मते गोळीचा सर्वांत चांगला उपयोग सरावासाठी वेळ मिळवण्यात आहे. जो माणूस हात कापतात म्हणून बोलायलाच उभा राहत नाही, तो कधी सुधारणार? गोळीमुळे तो उभा राहिला, पाच-सहा वेळा बोलला, काही वाईट घडले नाही हे त्याने अनुभवले, की भीतीचा जोर आपोआप उतरू लागतो. मात्र प्रत्येक लहानसहान बैठकीला गोळी घेतली तर यश गोळीच्या नावावर जमा होते आणि आपल्याला आपला अनुभव येतच नाही. म्हणून प्रसंगांच्या दोन याद्या करा. मुलाखत आणि मोठे भाषण अशा मोजक्या प्रसंगांना गोळी, आणि वर्ग, विभागाची बैठक, घरगुती बैठकीतले गाणे यांना गोळी नाही, असे आधीच ठरवा. गोळी नसलेल्या प्रसंगांआधी पाच मिनिटे संथ श्वास घ्या, त्यातही उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतका.

तीन-चार मोठे प्रसंग नीट पार पडले की डॉक्टरांना विचारून मात्रा निम्मी करून पाहा, त्यानंतर गोळी न घेता फक्त खिशात ठेवून जा. मी दोन वर्षांत ४० मिलिग्रॅमवरून १० वर आलो. गेल्या डिसेंबरमध्ये एका चर्चासत्रात गोळी खिशात होती आणि मी ती घेतली नाही. लेझरचा ठिपका पडद्यावर थोडा हलला, मी दुसरा हात मनगटाखाली धरला आणि आलेख शेवटपर्यंत दाखवला.